व्हीलचेअरवरच्या बाबांना ऑर्लँडोला न्यावं का?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं. बाबा ६८ वर्षांचे, तासगावकडची द्राक्षबाग आयुष्यभर सांभाळलेली. दीड वर्षापूर्वी पक्षाघात झाला, डावी बाजू अधू राहिली. आधार दिला तर उभे राहतात, चार पावलं टाकतात, एरवी व्हीलचेअर. उन्हाळ्यात ते आणि आई तुमच्याकडे न्यू जर्सीला येणार, आणि जुलैत तुमच्या दोन मुलांसह सगळ्यांनी ऑर्लँडोच्या डिस्नी वर्ल्डला जायचं घाटतंय. व्हीलचेअरवाल्यांना कोणत्या राइड चालतात, रांगेत सवलत मिळते का, आणि मुळात त्यांना न्यावं की आईंसोबत हॉटेलवर ठेवावं, हे तुमचे तीन प्रश्न.

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, फ्लोरिडातच पक्षाघाताच्या रुग्णांचं पुनर्वसन करते. या पार्कांना जाऊन आलेली, जाण्याआधी माझ्याकडे तयारी करून गेलेली बरीच कुटुंबं मी पाहिली आहेत. तेव्हा तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते: न्या. पण त्याआधी बाबांना स्वतःला विचारा, आणि विचारताना ‘तुम्हाला झेपेल का?’ असं विचारू नका. त्यावर आपली वडीलमंडळी ‘तुम्ही जा, मी बसतो इथंच’ एवढंच म्हणणार. तिथे काय काय आहे ते व्हिडिओ लावून दाखवा आणि यातलं काय बघायला आवडेल, असं विचारा.

आता राइडबद्दल. ‘व्हीलचेअरला चालणाऱ्या राइड’ अशी यादी तुम्हाला पार्कच्या नकाशावर आणि वेबसाइटवर मिळेल, प्रत्येक राइडपुढे खूण असते. काही ठिकाणी खुर्चीतच बसून राहता येतं, काही ठिकाणी खुर्चीतून उठून राइडच्या आसनावर बसावं लागतं. तुमची खरी अडचण या दुसऱ्या प्रकारात आहे. खुर्चीतून आसनावर आणि आसनावरून परत खुर्चीत, याला आम्ही ट्रान्सफर म्हणतो. बाबांची ट्रान्सफर कशी होते, दिवसभरात किती वेळा होऊ शकते आणि ती कोण करवणार, यावर सगळी सहल ठरते. डिस्नीचे कर्मचारी माणसाला उचलत नाहीत, तसा त्यांचा नियमच आहे. ते राइड थांबवतील, दार धरतील, वेळ देतील. हात मात्र तुमचेच लागणार.

म्हणून तिकिटं काढण्याआधी घरी एक कसोटी घ्या. बाबा तुमच्याकडे आले की त्यांना साध्या, बुटक्या सेडान गाडीत पुढच्या सीटवर बसवा आणि परत बाहेर काढा. एसयूव्हीत नको, तिची सीट उंच असते, त्यात सगळेच सहज बसतात. सेडानमधून ते एका माणसाच्या आधाराने, दम न लागता, उठून खुर्चीत येत असतील तर ट्रान्सफरच्या सोप्या राइड जमतील. दोघांना जोर लावावा लागत असेल, तर मी खुर्चीतच बसून करता येणाऱ्या गोष्टींवर पूर्ण सहल आखेन. त्याही पुष्कळ आहेत आणि त्यात कमीपणा काहीच नाही.

लोक बसण्याचा विचार करतात, उठण्याचा करत नाहीत. खाली बसताना शरीराचं वजन आपोआप मदतीला येतं, उठताना तेच वजन उचलावं लागतं. ‘पायरेट्स ऑफ द कॅरिबियन’च्या होडीत पायरी उतरून खाली बसायचं असतं आणि शेवटी ओलसर होडीतून पाय उचलून वर यायचं असतं. आत जाताना हसत गेलेला माणूस बाहेर येताना अडकतो, मागे रांग खोळंबलेली, सगळ्यांच्या नजरा त्याच्यावर. बाबांसाठी ही राइड मी सोडून देईन.

दुसरी गोष्ट बाजूची. डावी बाजू अधू असेल तर ट्रान्सफर उजव्या, म्हणजे धड बाजूकडे केलेली सोपी जाते. खुर्ची अशी लावा की राइडचं आसन बाबांच्या उजव्या हाताला येईल. ब्रेक लावा, पायटे (खुर्चीच्या पाय ठेवायच्या पट्ट्या) बाजूला करा, बाबांना खुर्चीच्या कडेपर्यंत पुढे सरकू द्या, उजवा पाय जरा मागे घ्यायला सांगा, आणि मग पुढे झुकून उभं राहणं, वळणं, बसणं. आधार कमरेला द्यायचा. त्यासाठी कमरेचा ट्रान्सफर बेल्ट मिळतो, तो जरूर घ्या. डाव्या हाताला धरून किंवा काखेत हात घालून कधीच ओढू नका. पक्षाघातानंतर तो खांदा सैल झालेला असतो, एका झटक्याने निखळू शकतो आणि मग दुखणं महिनोन् महिने मागे लागतं. उतरताना बाजू उलटते हेही लक्षात ठेवा. चढताना खुर्ची जिथे होती तिथेच उतरताना ठेवली तर बाबांना डावीकडे वळावं लागेल. जागा असेल तर खुर्ची पलीकडे, त्यांच्या उजव्या बाजूला आणून लावा. हे सगळं सांगलीतल्या त्यांच्या थेरपिस्टकडून तुम्ही व्हिडिओ कॉलवर नीट बघून घ्या. बाबांना त्यांच्या हातची सवय आहे, तीच पद्धत इथे चालू ठेवलेली बरी.

सरकत्या पट्ट्यावरच्या राइडचं काय? डिस्नी वर्ल्डमध्ये मॅजिक किंग्डम, एपकॉट, हॉलिवूड स्टुडिओज आणि अ‍ॅनिमल किंग्डम असे चार मुख्य पार्क आहेत. त्यांपैकी एपकॉटमधला तो मोठा चंदेरी गोल, ‘स्पेसशिप अर्थ’, आणि मॅजिक किंग्डममधलं ‘हॉन्टेड मॅन्शन’ अशा प्रकारचे आहेत. आसनं सतत चालत असतात आणि लोक चालत्या पट्ट्यावरून त्यात बसतात. दोन्हीकडे ट्रान्सफर करावीच लागते, पण आधी सांगितलं तर पट्टा हळू करतात किंवा थांबवतात. संकोच करू नका. हे तिथे दिवसभर चालतं.

आता खुर्चीतच बसून काय काय करता येतं ते बघू. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण तुमच्या पत्रातली द्राक्षबाग वाचली तेव्हाच माझ्या मनात एक जागा आली. एपकॉटमध्ये ‘लिव्हिंग विथ द लँड’ नावाची संथ होडीची सफर आहे. १९८२ साली एपकॉट उघडलं तेव्हापासून ती वेगळ्या नावाने सुरू होती. पहिला भाग नेहमीच्या देखाव्यांचा आहे, पण नंतर होडी खऱ्याखुऱ्या हरितगृहांत शिरते. मातीविना वाढवलेली पिकं, अधांतरी लोंबत ठेवलेली मुळं आणि त्यांच्यावर उडणारा पोषक द्रव्यांचा फवारा, मांडवासारखे चढवलेले वेल, माशांच्या टाक्या. तिथला माल पार्कच्या उपाहारगृहांत वापरला जातो. खुर्चीसकट चढता येईल अशी होडी तिथे असते. वेलींना ताण किती द्यायचा, ठिबकमधून काय सोडायचं, यात हयात घालवलेल्या माणसाला तिथे नातवंडांना सांगण्यासारखं काहीतरी सापडेल. मुलांना समजावणारे, दाखवणारे आजोबा होतील ते. माझ्या मते तुमच्या सहलीचा मुख्य कार्यक्रम हाच असावा. फक्त एक करा: ही सफर इमारतीच्या खालच्या मजल्यावर आहे, तेव्हा आत शिरल्यावर आधी लिफ्ट शोधा.

अ‍ॅनिमल किंग्डममधली ‘किलिमांजारो सफारीज’ही खुर्चीत बसून होते. जिराफ, हत्ती, सिंह मोकळ्या रानात दिसतात. पण त्या ट्रकला मुद्दाम खडबडीत रस्त्यावरून नेतात, धक्के चांगलेच बसतात. बाबांना धडाचा तोल सांभाळता येत नसेल तर खुर्चीचा पट्टा घट्ट हवा आणि त्यांच्या डावीकडे तुमच्यापैकी कोणीतरी बसायला हवं. मॅजिक किंग्डममध्ये ‘इट्स अ स्मॉल वर्ल्ड’ आणि ‘जंगल क्रूझ’ला खुर्चीची सोय असलेल्या होड्या आहेत. हॉलिवूड स्टुडिओजमध्ये ‘टॉय स्टोरी मेनिया’ला खुर्ची आत जाईल असा डबा आहे, तिथे नातवंडांबरोबर नेमबाजीचा खेळ एका हाताने खेळता येतो. थिएटरमधले बहुतेक कार्यक्रम तर खुर्चीला सोयीचेच, वर थंडगार. ‘कॅरोसेल ऑफ प्रोग्रेस’ हा १९६४ च्या न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनासाठी बनवलेला, प्रेक्षकांची आसनंच रंगमंचाभोवती फिरतात असा कार्यक्रम आईंनाही आवडेल. घरातली विजेची उपकरणं पिढीगणिक कशी बदलत गेली, त्याची गोष्ट आहे.

जोरदार रोलर कोस्टर बाबांसाठी नको. मानेला बसणारे झटके, रक्त पातळ करणारी गोळी चालू असण्याची शक्यता आणि मध्येच राइड बंद पडली तर पायऱ्या उतरून बाहेर येण्याची वेळ, या तीनही गोष्टी त्यांच्या विरोधात जातात. त्यांचे न्यूरॉलॉजिस्ट काय म्हणतात ते विचाराच, पण माझं मत स्पष्ट आहे. मुलांना कोस्टरला जायचं असेल तर ‘रायडर स्विच’ मागा. एक मोठा माणूस मुलांबरोबर जातो, दुसरा बाहेर बाबांजवळ थांबतो, मग पुन्हा पूर्ण रांग न लावता दुसऱ्याची पाळी येते.

रांगेबद्दल तुम्हाला नातेवाइकांनी सांगितलं असेल की व्हीलचेअर असली की थेट पुढे सोडतात. ती गोष्ट जुनी झाली. आता व्हीलचेअरवाला माणूस बहुतेक ठिकाणी बाकीच्यांबरोबर त्याच रांगेतून जातो, कारण रांगेच्या वाटा खुर्ची जाईल इतक्या रुंद केलेल्या आहेत. मॅजिक किंग्डम १९७१ चं, अपंगांच्या हक्कांचा अमेरिकेतला मोठा कायदा १९९० चा. त्यामुळे काही जुन्या राइडना खुर्चीसाठी वेगळं दार आहे. तिथे सहसा तेवढ्याच प्रतीक्षेनंतरची वेळ देतात आणि तोवर तुम्ही सावलीत बसू शकता. ‘डीएएस’ (डिसॅबिलिटी अ‍ॅक्सेस सर्व्हिस) नावाची, रांगेत उभं न राहता बाहेर थांबू देणारी जी सवलत आहे ती मे २०२४ पासून ऑटिझम किंवा तशा विकासात्मक अपंगत्वामुळे लांब रांगेत थांबणं जमत नाही अशांसाठी आहे. बाबा त्यात बसत नाहीत, तेव्हा त्या आशेवर दिवस आखू नका. बाबांना मध्येच बाथरूमला जावं लागत असेल तर रांगेच्या तोंडाशी उभ्या कर्मचाऱ्याला आधीच सांगून ठेवा, परत कसं यायचं ते तो सांगेल. पैसे देऊन मिळणारा, वेगळ्या छोट्या रांगेतून सोडणारा ‘लाइटनिंग लेन’ पास निदान एका दिवसासाठी घ्या, असं मी सांगेन. बाबांच्या अंगात जी ताकद आहे ती रांगेत खर्च होऊ नये.

आणि ताकदीचा सगळ्यात मोठा शत्रू रांग नाही, जुलै आहे. तारीख बदलता आली तर बदला. नोव्हेंबरचा शेवट किंवा जानेवारीचा मध्य असता तर मी निम्म्या सूचना दिल्याच नसत्या. मुलांच्या शाळेमुळे ते शक्य नसेल, तर मग दिवस दोन तुकड्यांत करा. पार्क उघडायच्या आधी दाराशी, साडेअकरा-बाराला बाहेर, जेवून हॉटेलवर बाबांना आडवं करा, आणि पाचनंतर वाटलं तर परत. दुपारी तिथे बहुधा गडगडाटी पाऊस येतोच आणि विजा दिसल्या की उघड्यावरच्या राइड बंद होतात, म्हणजे तुमचं फार काही बुडतही नाही. हॉटेल जवळचं घ्या, ते त्यासाठीच. एका दिवशी दोन पार्क करायचा मोह टाळा.

पाण्याबद्दल खास सांगते. बाथरूमला जायची कटकट नको म्हणून बाबा पाणी पिणं कमी करतील, सांगणारही नाहीत. पक्षाघात होऊन गेलेल्या, कदाचित बीपीची लघवी वाढवणारी गोळी घेणाऱ्या माणसाला फ्लोरिडाच्या उन्हात हे फार धोक्याचं आहे. पाणी तिथे खाद्यपदार्थांच्या काउंटरवर फुकट मिळतं. आणि बाथरूमची भीती घालवायचा उपाय म्हणजे ‘कंपॅनियन रेस्टरूम’. एका खोलीचं, दार लावून घेता येणारं, खुर्ची फिरवायला जागा असलेलं स्वच्छतागृह, जिथे आई बाबांबरोबर आत जाऊ शकतात. पुरुषांच्या स्वच्छतागृहात आईंनी जायचं कसं, हा प्रश्न आपल्याकडच्या जोडप्यांचा निम्मा जीव खातो. नकाशावर या जागा दाखवलेल्या असतात. सकाळी पहिल्यांदा त्या शोधा, राइड नंतर. पार्कमध्ये फर्स्ट एड सेंटरही असतं, तिथे आडवं पडायला कॉट मिळते. घरचे पदार्थ आत नेता येतात, काचेची भांडी तेवढी नकोत. बाबांना जे वेळेवर आणि सवयीचं लागतं ते डब्यात घ्या.

खुर्ची कोणती, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण तेच विचारायला हवं होतं. पार्कच्या दाराशी भाड्याच्या खुर्च्या मिळतात, पण त्या पार्कबाहेर नेता येत नाहीत आणि आरक्षणही होत नाही. मॅजिक किंग्डमला तर गाडी लावल्यावर मोनोरेल किंवा फेरीबोटीने तळं पार करावं लागतं, मग दार येतं. तिथवर बाबांना कसं नेणार? म्हणून त्यांची स्वतःची खुर्ची आणा. विमान कंपन्या तिचे वेगळे पैसे घेत नाहीत, विमानाच्या दाराशी सोपवता येते. सोपवण्याआधी पायटे आणि गादी काढून स्वतःजवळ ठेवा, हरवतात त्या याच वस्तू. गादी चांगली असणं महत्त्वाचं. तासन् तास त्याच जागी बसून कातडीवर दाब येतो, म्हणून अर्ध्या-पाऊण तासाने बाबांना पुढे झुकवा किंवा आधार देऊन मिनिटभर उभं करा. डावा हात मांडीवरून घसरून चाकाच्या तारांत जाऊ शकतो, डावं पाऊल पायट्यावरून खाली येऊन फरफटू शकतं, आणि त्या बाजूची जाणीव कमी असेल तर त्यांना कळणारही नाही. हात उशीवर आणि पोटरीमागे पट्टा, एवढं पुरे.

मॅजिक किंग्डमच्या मेन स्ट्रीटवर घोड्याच्या ट्रामचे रूळ रस्त्यातच बसवलेले आहेत. खुर्चीची पुढची छोटी चाकं त्यांच्या फटीत बरोबर बसतात, खुर्ची जागच्या जागी थांबते आणि बसलेला माणूस पुढे जातो. रूळ नेहमी काटकोनात ओलांडा, किंवा खुर्ची जरा मागे कलवून पुढची चाकं वर उचला. तीव्र उतारावर खुर्ची उलटी, तुम्ही खालच्या बाजूला, अशी उतरवा. पावसात पोंचो घातला तर त्याचे कोपरे बाबांच्या मांडीखाली खोचा, नाहीतर चाकात जातात.

बाबांचं डावीकडे लक्ष जात नाही का, हेही बघा. ताटातली डावीकडची भाजी तशीच राहते, डावीकडून बोललं तर ते बघत नाहीत, असं होत असेल तर मिरवणूक बघायला जागा अशी निवडा की ती त्यांच्या उजवीकडून येईल. व्हीलचेअरसाठी राखून ठेवलेल्या जागा मिरवणुकीच्या मार्गावर असतात, पण त्या लवकर भरतात, म्हणून आधी जाऊन बसा.

हॉटेलची खोली घेताना नुसतं ‘अ‍ॅक्सेसिबल’ म्हणून थांबू नका. दोन प्रकार असतात: एकात कठडे लावलेला टब, दुसऱ्यात खुर्ची थेट आत जाईल असा शॉवर. बाबांना दुसरा हवा. कमोडजवळचा कठडा कोणत्या बाजूला आहे हे फोन करून विचारा, तो उजवीकडे असायला हवा. एक प्लास्टिकचा मग बरोबर घ्या, तो हॉटेलच्या खोलीत नसतो आणि त्यावाचून आपल्या माणसांची सकाळ बिघडते. आणि व्हिजिटर इन्शुरन्समध्ये आधीपासूनचे आजार कितपत धरले आहेत ते निघण्याआधी वाचा.

आईंचे गुडघे दुखतात, हे तुम्ही शेवटी एका ओळीत लिहिलंय. ती ओळ मी पहिली ठेवली असती. एपकॉटमधली अकरा देशांची दालनं तळ्याभोवती सुमारे दोन किलोमीटरच्या वाटेवर आहेत. बाबांची खुर्ची आईंनी ढकलायची नाही, हे आधीच ठरवा, आणि त्यांच्यासाठी बॅटरीवर चालणारी स्कूटर भाड्याने घ्या. स्कूटर हॉटेलवर आणून भाड्याने देणाऱ्या कंपन्या ऑर्लँडोत आहेत. सुरुवातीला त्या नको म्हणतील. पार्किंगच्या मोकळ्या जागेत एक फेरी मारायला द्या, नातू पुढे धावू दे.

बाबांच्या खुर्चीची रुंदी, तिचे हातटे (हात टेकायचे दांडे) निघतात का, आणि सेडानच्या कसोटीत काय झालं, एवढं कळवा. एपकॉट आणि अ‍ॅनिमल किंग्डमचे दोन दिवस सकाळपासून कसे लावायचे ते मग तासाप्रमाणे लिहून देते.